वाऱ्याची बाजू

शनिवारी उजाडलं की विस्कॉन्सिनभर बंदुका वाजतील.
आज मंगळवार. शाळेची बस डेपोत लावली,
रबरी बूट चढवले आणि थेट वर आले
मक्याच्या कडेकडेनं,
जिथं कापणीयंत्राच्या दातांतून सुटलेली कणसं
अजून आडवी पडलीत.

खिशात बाबांची वही. वर नाव, ओर्लिन ट्वेट.
आत तीस वर्षांचं पेन्सिलीचं अक्षर:
‘२ नोव्हेंबर. वायव्य वारा. दोन माद्या, मागे नर.
पडक्या कुंपणापाशी ओढा ओलांडला.’
कुठं एक विशेषण सापडायचं नाही.
आई गेली त्या तारखेलाही एवढंच:
‘दक्षिण वारा. काही दिसलं नाही.’

कोवळ्या सीडरची साल शिंगांनी सोललेली,
आतलं लाकूड ओलं. म्हणजे कालची रात्र.
पुढं पाचोळा उकरून उघडी केलेली माती, ताटाएवढी,
वरची फांदी चघळलेली, उग्र वास.
लेंडी बोटांत दाबून बघायची, हे त्यांनीच शिकवलं:
मऊ असेल तर आजची.
गरम असेल तर तू गप्प बस.

खिशात फोन थरथरला. शेजारचा कुबियाक.
‘दार सताड उघडं आहे. ओर्लिन घरात नाही.
शेरीफला कळवू?’
थांब म्हटलं.

वही उलटी केली.
शेवटच्या पानापासून माझं अक्षर सुरू होतं:
‘८ ऑक्टोबर, ६.१०. मागच्या दारानं, टपालपेटीपर्यंत.
२६ ऑक्टोबर, ५.४०. ओढा. एकच स्लिपर.
९ नोव्हेंबर, ४.२०. ओढ्यापलीकडे. नाव विचारलं तर हसले.’
अंधार जसा अलीकडे सरकतो
तसे बाबाही लवकर निघतात,
हरणांसारखेच, आणि दर खेपेला थोडे वर.

मग खुरांचा माग सोडला
आणि दुमडलेल्या गवताचा धरला.
चिखलात सपाट तळवा, नक्षी नसलेला.
काटेरी तारेवर तपकिरी लोकरीचा धागा.
पावलं कुठं अडखळलेली नाहीत,
घरात तर न्हाणीघर सापडत नाही त्यांना.

पडलेल्या ओकवर बसले होते,
हात मांडीवर, बंदूक असल्यासारखे.
मी धापा टाकत, काटक्या मोडत, सरळ चालत गेले.
मान न वळवता ते म्हणाले,
‘वारा तुझ्या पाठीला आहे.
त्यांना केव्हाच कळलं.’

खरंच. खाली कुंपणापाशी
एक मादी मान ताठ करून आमच्याकडे बघत होती.
एक पाय उचललेला, ठेवायचा राहिलेला.

शेजारी बसले. माझा कोट त्यांच्या खांद्यावर टाकला.
‘कुणाची गं तू?’ हळूच विचारलं त्यांनी,
शिकारीच्या आवाजात, ओठ न हलवता.
मीही तसंच, ओठ न हलवता, सांगितलं.

पेन्सिल काढली. ४.३५. वायव्य वारा.
पडका ओक.
पुढं बोट अडलं. ही नोंद
वहीच्या कुठल्या बाजूनं करायची?