हद्दीबाहेर

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी
मी पाचवी ‘ब’च्या दारात उभी असते
आणि फोन म्हणतो, मी नाही.
आपण शाळेच्या हद्दीबाहेर आहात.
नकाशावर माझा निळा ठिपका
नाग नदीच्या मधोमध,
पारडीकडे वाहून चाललेला.

ठवकर सर म्हणतात, “टाकीजवळ जा मॅडम,
तिथं धरते तो.”
मी जाते. डोक्यावर पदर, एक हात वर.
चेहरा दाखवा.
डोळे मिचकवा.
पुन्हा मिचकवा.
सत्तावीस वर्षं नोकरी झाली
आणि मी कडुलिंबाखाली उभी राहून
एका काचेला डोळा मारते.
पोरं खिडकीतून पाहून राहिलेली.
परत आले की विचारतात,
“झाल्या का मॅडम तुम्ही?”

झाले. सात एकोणतीसला.

मग दिवसभर ते टिंग.
अतितात्काळ. आज पाचपर्यंत. (पावणेपाचला आलेलं.)
खिचडीचा फोटो, खिचडी खाणाऱ्यांचा फोटो,
हात धुतल्याचा फोटो.
खुशाल पराते आधारवर ‘खुशला’ आहे,
म्हणून पोर्टलला तो सापडत नाही.
मला सापडतो.
तिसऱ्या बाकावर, पेन्सिल चावत.
आम्ही दोघं एकमेकांकडे पाहतो,
दोन न सापडलेली माणसं.

छातीत धडधडतं म्हणून मेडिकल चौकात दाखवलं.
डॉक्टर तरुण, समजूतदार.
“नेमकं कधी होते असं, ताई?”
मी तोंड उघडणार, तेवढ्यात टिंग.
त्याचा हात खिशाकडे गेला,
माझा पर्सकडे.
फोन त्याचा होता.
त्यानं गोळी लिहून दिली. रात्री एक.

रात्री मी फोन गव्हाच्या कोठीत ठेवते,
वर झाकण, झाकणावर पाटा.
कूलरच्या घरघरीत काही ऐकू येत नाही,
तरी पावणेबाराला
गहू थरथरल्यासारखा वाटतो.
उठते. पाटा उचलते.
ग्रुपवर कुणीतरी हात जोडलेत.
नुसतेच.

मार्चमध्ये एक दिवस सर्व्हर पडला.
टाकीजवळ धरेना, गच्चीवर धरेना,
ठवकर सर फाटकापर्यंत जाऊन आले.
खुशालची आई कळमन्याला संत्री निवडते,
त्यानं एक दप्तरातून आणलं होतं, थोडं दबलेलं.
मी अपूर्णांक काढले.
फोडी निघाल्या अकरा.
अर्धे कसे करायचे यावर
वर्गात असं काही भांडण पेटलं
की घंटा झाली ते कोणालाच कळलं नाही.
शेवटी अकरावी फोड
समीक्षा ढोकेनं नखानं चिरली,
अगदी बरोब्बर मधून,
आणि रस बोटांवरून कोपरापर्यंत गेला.
फोन कुठं होता, आठवत नाही.
धडधडलं का, तेही आठवत नाही.

आता त्या दिवसाचा खुलासा मागवलाय.
विनापरवानगी गैरहजर. तीन दिवसांत,
ठरलेल्या नमुन्यात, अडीचशे अक्षरांच्या आत.

मी लिहायला बसलेय.
“उपरोक्त विषयान्वये सविनय सादर की
त्या दिवशी मी”

चौकट भरली नाही तर
पुढचं पान उघडत नाही.

समीक्षाला विचारावं का,
ती साक्ष देईल.
तिच्या वहीच्या त्या पानाला
अजून वास येतो.