उजवीकडून

रद्दीवाल्या शिरसाठांकडे किलोच्या भावात
ते पुस्तक मिळालं तेव्हा मी बारा वर्षांची.
जाड, फिक्या कागदाचं, एकही अक्षर न कळणारं.
सातपूरच्या कुठल्याशा कंपनीत मशीन बसवायला आलेला जपानी
खोलीवर टाकून गेला होता म्हणे,
सोबत एक छत्री.
छत्री शिरसाठांनी ठेवली.

मी डावीकडून सुरुवात केली,
मनपा शाळेतली मुलगी करणार तशी.

पहिल्याच पानावर तो, पावसात, निघाल्यासारखा.
बांबूसारखा वाळका. भुवया इतक्या बारीक
की एका फटक्यात ओढलेल्या.
मागं अंगणभर माणसं पडलेली.
पान उलटलं तर तो त्यांच्यातच,
आणि एकेकाला हात लावतोय.
ज्याचं मनगट धरलं त्याचं मनगट सरळ.
ज्याच्या नाकाशी मूठ नेली
त्याचं रक्त गेलं परत नाकात,
आणि तो उठला, वाकून नमस्कार केला त्यानं.

हाडवैद्य आहे, मला वाटलं.
पंचवटीत मामाचा खांदा बसवणारे एक होते
तसाच, कमी बोलणारा.
शेवटच्या पानावर तर चक्क लहान झाला,
सात-आठ वर्षांचा, बोडका,
अंगाहून उंच खराट्यानं पानं झाडत.
इतक्यांना बरं केल्यावर होत असेल माणूस लहान.

चार वर्षं त्याच्या भरवशावर
सिडकोतल्या हॉलमध्ये गायधनी सरांच्या शिट्टीवर
मी लाथा मारल्या हवेला.

मग तन्वीर म्हणाला, अगं, उलटं धरलंयस.
त्यानंच नेटवर शोधून काढलं: तातेओका.
बारा भागांतला सगळ्यात निर्दय.
समोरच्यानं हार मानली
की मग त्याचं उजवं मनगट मोडतो.
रागानं नाही.
झोपायच्या आधी दिवा घालवावा, तसं.

त्या रात्री मी उजवीकडून वाचलं.
खराटा आधी आला.

रविवारी जिल्हा स्पर्धा.
हर्षाली निकुंभ, देवळाली कॅम्पची, लाल पट्टा, वेणी घट्ट.
पंचांनी थांबा म्हटलं.
हे कुणालाच सांगितलेलं नाही:
मला ऐकू आलं होतं.
तिनं सोडून दिलेला हात
मी पुढच्या चौकटीत नेला.
आवाज मोठा नव्हता,
डब्याचं झाकण नीट बसतं तेवढाच.
सरांनी वहीत लिहिलं, अपघात.

पवननगरात भाजीबाजाराच्या मागं
एका जिन्याखाली तिचं पार्लर आहे.
पाटी वाचून आत गेले की आत जाऊन वाचली,
आता मलाच नक्की सांगता येत नाही.
डोळे मिटा, ती म्हणाली, वरून ताणून धरा.
दोऱ्याचं टोक तिच्या दातांत.
माझी मान मागं, गळा उघडा,
आणि दर ओढीला माझ्या कानाजवळ
तिच्या मनगटात काहीतरी
कट्ट.
कट्ट.

हात दुखतो का हो?
थंडीत, दातांतला दोरा न सोडता ती म्हणाली.
दिवाळी झाली की सुरू होतं.
मग बराच वेळ नुसता दोरा.

तिनं आरसा दिला.
भुवया बारीक, एका फटक्यात ओढलेल्या.
मी त्या चेहऱ्याकडे बघत राहिले.
चाळीस झाले, ती म्हणाली. सुट्टे आहेत का तुझ्याकडे?
डाव्या हातानं घेतले.

घरी येऊन माळ्यावरून पुस्तक काढलं.
कुठल्या बाजूनं उघडू ते कळेना,
मधूनच उघडलं.
तो एकटा जेवायला बसलेला.
भाताचा वाडगा, वाफ,
काड्या अजून हातात घेतलेल्या नाहीत
किंवा नुकत्याच खाली ठेवल्यात.