दोन गाड्यांमधलं अंतर

"बूट काढायच्या आधी लाकडं आण."
तावेत बूट काढतो.
मग नुसत्या मोज्यांनी जातो अंगणातल्या बर्फातून
आणि लाकडं आणतो, छातीशी धरून.
काहीतरी चुकलं, हे त्याला माझ्या तोंडाकडे बघून कळतं,
वाक्यातून नाही.

सातवं सरलं. कान दोनदा तपासून झाले,
बारीकातली बारीक शिट्टी ऐकू येते.
बाई म्हणाल्या, लक्ष नसतं.
शेजारची हेल्वे म्हणाली, लाडावलाय.
मी जे म्हणालो ते राहू दे.

फेब्रुवारीत आमच्या बेटाभोवतीचा समुद्र गोठतो.
पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत रस्ता होतो बर्फाचा,
कडेनं रोवलेल्या जुनिपरच्या फांद्या.
पट्टा बांधायचा नाही,
गाडी बुडालीच तर निसटता यावं म्हणून.
पाट्यांवर चित्रं असतात. तावेत ती माझ्याआधी वाचतो.
अंतर ठेवा, पुष्कळ अंतर.
एक गाडी पुढे गेली की मगच दुसरी,
नाहीतर बर्फ तडकतो.

हाप्सालूत मालले नावाची बाई.
तिनं चार चित्रं मांडली.
"कुत्र्याला मुलीनं ढकललं."
तावेतचं बोट गेलं तिसऱ्यावर:
कुत्रा ढकलतोय, मुलगी चिखलात.
कुत्रा आधी आला होता ना.
मालले हसली नाही. वहीत एक रेघ मारली.
म्हणाली, आळस नाही, हट्ट नाही,
भाषा उमजण्यातच अडचण आहे, जन्मापासूनची.
मग पेन खाली ठेवून:
"घरात आणखी कुणी?"

मी खिडकीबाहेर बघितलं.
नाही म्हणालो.

परतताना अर्ध्या समुद्रावर
मला माझं लग्न आठवलं.
पाद्र्यानं प्रश्न दोनदा विचारला, लोक हसले,
मीही हसलो, किंचित उशिरा.
चाळीस वर्षं मी असाच हसत आलोय, किंचित उशिरा.
नावा दुरुस्त करतो. लाकूड काही सांगत बसत नाही.

घरी आलो.
"लाकडं," म्हणालो.
थांबलो. घड्याळाची टिकटिक मोजली.
तो गेला, आला, चुलीपाशी रचली.
"आता बूट."
त्यानं माझ्याकडे बघितलं,
मग माझ्या बुटांकडे बोट दाखवलं.
मीही काढले नव्हते.

मालले चा नंबर कोटाच्या खिशात आहे.
पण फोनवर तोंड दिसत नाही,
मला नीट उमगत नाही.
गाडीनंच जाईन,
बर्फ आहे तोवर.