लांब काड्या

आमच्या चर्चमधून देव काढला, तेव्हा मी जन्मलो नव्हतो.
मला आठवतो तो लंबक:
घुमटातून खाली सोडलेली तार,
टोकाला कलिंगडाएवढा पितळी गोळा,
आणि दारावर पाटी,
निरीश्वरवादाचं संग्रहालय, सोमवारी बंद.

वाइदोतास मास्तर आम्हाला रांगेने न्यायचे.
फरशीवर गोलाकार मांडलेल्या लाकडी खुंट्या.
गोळा येई, जाई, येई, जाई,
आणि कंटाळून आम्ही चुळबुळ करू लागलो की
एक खुंटी टक्कन आडवी होई.
"गोळा वळला नाही," मास्तर म्हणत, "तुम्ही वळलात.
या भिंती, ही खिडकी, तुमच्या नाकातला शेंबूड,
सगळ्या लिथुआनियासकट."
ध्रुवावर पुरा फेरा चोवीस तासांचा,
आमच्याकडे एकोणतीस.
पक्षाला तो गोळा देवाच्या जागी हवा होता.
मास्तरांना नुसता गोळा हवा होता.

गोळा हाताने सोडून चालत नाही,
हाताचा कंप त्याच्या चालीत उतरतो.
म्हणून तो कडेला सुती दोऱ्याने बांधायचा,
गढूळ पाणी निवळू द्यावं तसा स्थिरावू द्यायचा,
मग दोरा जाळायचा.

जाळायची बार्बोरा, झाडलोट करणारी.
रोज सकाळी एक काडी. रजिस्टरात एक काडी.
दोरा तुटला की गोळा मुकाट निघायचा
आणि उरलेली ज्योत ओंजळीत धरून
बार्बोरा खांबामागे,
जिथे सैल विटेआड मेणबत्तीचं थोटूक होतं.
बोटं भाजायची तिची.
पुष्कळदा काडी वाटेतच संपे,
त्या दिवशी देवाला अंधार.

मास्तरांना कसं कळलं, ठाऊक नाही.
ओरडले नाहीत. बोललेच नाहीत.
पुढच्या महिन्यात रीगाहून पेट्या आल्या,
शेकोटी पेटवायच्या, वीतभर लांब काड्यांच्या.
रजिस्टरात मास्तरांचं ठसठशीत अक्षर:
'प्रयोगाच्या अचूकतेसाठी'.

नव्वद साली चर्च परत मिळालं.
तोवर मी वायरमन झालो होतो. तार मीच उतरवली.
शिडीच्या टोकावरून बघतो तर आकडा जुनाच,
दिव्याचा.
लंबकवाल्यांनी नवा ठोकलाच नव्हता.
त्याच्यावर दोन खाचा,
एक साखळीने पाडलेली, एक तारेने.
इथे काहीतरी म्हणायला हवं, असं वाटलं.
पाय लटपटत होते, एवढंच खरं.

खाली गोणपाटावर गोळा, अल्याडपल्याड ती दोघं.
"आता काढलाच," बार्बोरा म्हणाली, "तरी फिरते ना?"
"फिरणारच की! पंचवीस वर्षं तुम्ही रोज पाहिलंत."
"मी पडलेल्या खुंट्या पाहिल्या
आणि वाकून वाकून उभ्या केल्या.
पृथ्वी फिरते हे तुम्ही सांगितलंत. मी मानलं."
मास्तर लालबुंद.
"मानायचं नसतं, बाई, पडताळायचं असतं!"
"मग गुडघे द्या नवे," ती म्हणाली.

त्या रात्री जागून त्यांनी तिच्यासाठी सगळं मांडलं,
कोन, अक्षांश, बाणांच्या आकृत्या, चार पानं.
तिने ती प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली.
वाचली का, मी विचारलं नाही.

तिच्या अंत्यविधीला मास्तर आत आले,
चर्च पुन्हा चर्च झाल्यापासून पहिल्यांदाच.
टोपी हातात. छातीवर क्रूस काढला नाही,
सगळे गुडघ्यांवर गेले तेव्हा खांबासारखे उभे.
फेब्रुवारीचं वारं, दार उघडं,
मी टांगलेला दिवा हलकेच झुलू लागला.
पाद्री बोलत होता. मास्तर वर बघत होते.
मग बाही सारून घड्याळाकडे.
मग पुन्हा वर.

बऱ्याच वेळाने माझ्या कानाशी झुकले:
"साखळी आहे. शिवाय वाऱ्याने ढकललेली.
यावरून काही सिद्ध होत नाही."
नाही, मी म्हटलं.
पण मान कुणीच खाली केली नाही.