सात ठिकाणं, नऊशे रुपये

पाहुणे आलेच नाहीत.
पहाटे नलूचा फोन, चंद्रपूरहून:
गाडी चुकली गं, आता दिवाळीनंतर बघू.
तोवर नझीर फणसोपकरची रिक्षा दारात,
दोनशे रुपये आगाऊ घेतलेली,
टपाला नवा झेंडूचा हार.
"पाहुणे?" त्यानं मागे वळून विचारलं.
"मीच," म्हटलं,
आणि पर्स मांडीवर घेऊन बसले.

एकतीस वर्षं रत्नागिरीत.
मारुती मंदिर ते जिल्हा परिषद,
जिल्हा परिषद ते मासळी बाजार,
तिथून पिशवी ठिबकत परत घरी.
बाकीचं गाव मी
इतरांच्या मोबाईलवर पाहिलेलं.

थिबा पॅलेसचा जिना करकरतो.
दूरदेशीचा राजा इथं आणून ठेवला होता,
हे नझीरनं मला सांगितलं, शाळेच्या सुरात,
आणि मीही मान हलवली, पहिल्यांदाच ऐकल्यासारखी.
पण मी लेखा विभागातली.
मला दिसल्या खिडक्या,
आणि वाटलं, एवढे पडदे धुवायचं कोण,
त्याचं बिल टाकायचं कुठल्या हेडखाली?
लाल, निळ्या काचेतून ऊन माझ्या चपलेवर पडलं.
त्या राजाला कुणी विचारलं असेल का कधी,
"काय मग, आमचं गाव पाहिलंत का?"

मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा.
त्याच्या बरगड्यांखाली उभी राहून
एक चिमुरडी आईला म्हणाली,
"एवढ्याची आमटी कुणी खाल्ली?"
पहारेकरी हसला, मी हसले,
नझीर दाराशी उभा होता, तोही हसला.
तो आत येत नाही कुठेच.
थिबा पॉइंटला, मांडवीच्या जेट्टीवर,
तो रिक्षाला टेकून, काडीनं दात कोरत.

दीपगृह चारला उघडतं.
"जावा तुम्ही, मी खालीच थांबतो."
"कधी गेलायस वर?"
"बावीस वर्षं लोकांना आणतो, बाई."
हे काही उत्तर नव्हे.
मी दोन तिकिटं काढली,
पावती सवयीनं घडी करून पर्समध्ये.

गोल जिना. लोखंडी कठडा गार, खारट.
मध्ये एकदा मी थांबले गुडघ्यासाठी,
एकदा तो थांबला, कशासाठी बोलला नाही.
वर वारा असा, की पदर धरावा की डोळे मिटावेत.

सगळी माणसं समुद्राकडे तोंड करून.
आम्ही दोघंच पाठ फिरवून, गावाकडे.
मी माझी टाकी शोधत होते,
निळी, झाकणावर दगड ठेवलेली.
सापडली, किंवा दुसऱ्या कुणाची असेल.
दोरीवर टॉवेल राहिला होता सकाळी;
एवढ्या उंचीवरून त्याची आठवण आली.

"तो राजिवडा," नझीरचा हात कठड्याबाहेर,
"मिनाराच्या डावीकडे बघा. पत्रा चमकतोय ना?
गेल्या साली टाकला. तो आमचा.
अम्मीनं बांगडे वाळत घातलेत वर. दिसले?"
मला दिसली फक्त खाडी,
पुलावरून सरकणारा एक ठिपका,
आणि माडांची गर्दी, सगळी सारखीच.
"दिसले," म्हटलं.
त्यानं तरी काय पाहिलं असेल?
तो बराच वेळ तिथंच,
खालून दुसऱ्या कुणाच्या रिक्षेचा हॉर्न वाजत असताना.

मग अंधारलं. भाट्याचा किनारा राहूनच गेला.
"सहाच झाली," तो म्हणाला, "दीडशे कमी द्या."
मी हिशोबाची बाई; नऊशे ठरले म्हणजे नऊशे.
दारात घासाघीस झाली, उलट्या बाजूनं.
समोरच्या पागधरेवहिनी गॅलरीत येऊन बघून गेल्या.
शेवटी पन्नासची नोट
त्यानं माझ्या पायरीवर ठेवली आणि किक मारली.

रात्री नलूचा फोन.
"मी नाही तर दिवसभर केलंस काय?"
टॉवेल काढत होते. मिठानं कडक झालेला,
की मलाच तसं वाटलं.
"काही नाही गं," म्हटलं,
"जरा गावात जाऊन आले."