एस प्राइम

रात्री पावणेबारा. कारेलीबागेत पाण्याच्या टाकीखाली
शेव-उसळवाला पातेलं घासतोय,
आणि माझ्यासमोर चौदा ओळींचं एक फंक्शन:
शब्दाच्या दोन्ही कडांची रिकामी जागा छाटायची.
बस, एवढंच.

एस आला. डावीकडून छाटला, तो एस प्राइम.
उलटा केला, छाटला, परत सुलटा केला,
एस प्राइम प्राइम, डोक्यावर दोन फराटे.
इथे काहीच खोडत नाहीत.
जुना शब्द जुन्या जागी तसाच राहतो,
बदल म्हणजे आणखी एक शब्द
आणि त्याला आणखी एक नाव.

हेतलबेनचा शेरा आला: दोनदा उलटवतेस कशाला?
अने आ ते कंई नाम छे?

पहिलं बरोबर होतं.
आता कापत नाही, कॉपीही करत नाही.
मूळ अक्षरं आहेत तिथेच,
मी फक्त दोन आकडे ठेवते: कुठून, आणि किती.
लाखभर ओळी, अकरा सेकंद लागायचे,
आता दीड.
खुर्चीतल्या खुर्चीत एक गिरकी घेतली.

नावाचं मात्र अडलं.
आळसानं बाहेरचंच नाव आत पुन्हा दिलं
तर कंपायलर पिवळ्या अक्षरांत पुटपुटला,
आतल्या नावानं बाहेरचं झाकलं जातंय.

आईचं झालं तसं.
दांडिया बाजारातल्या कार्यालयात, ताटभर तांदळात
बाबांनी अंगठीनं लिहिलं, मंदाकिनी.
त्या तांदळाचं पुढं काय झालं, तिला आठवत नाही.
रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक, पासबुक,
चव्वेचाळीस वर्षं सगळं मंदाकिनीचं.
फक्त ग्वाल्हेरहून दिगूमामाचा फोन येतो,
स्पीकरवर तो खोकतो आणि म्हणतो, "शरू?"
तेव्हा ती कणकेचे हात तसेच घेऊन
आतल्या खोलीतून येते,
मी "आई" म्हटल्यावर येते त्याहून भरभर.

मूळ आहे तिथेच.
कुठून आणि किती, हे कुणी मांडून ठेवलं नाही.

ठाऊक आहे मला, यंत्रापर्यंत ही नावं पोचतच नाहीत.
वाटेतच गळतात. तिथे नुसते पत्ते.
तरी एस प्राइम खोडून लिहिलं, 'छाटलेला'.
मग ते खोडून, 'उरलेला'.
किंमत तीच, एका अक्षराचाही फरक नाही,
पण वाचताना वेगळंच कुणीतरी समोर येतं.

गाडीवाल्यानं शटर नसलेल्या गाडीवर ताडपत्री ओढली.
कर्सर अजून 'ला'पुढे लुकलुकतोय.
सकाळी हेतलबेनला विचारीन.
आईला आधी.