अर्धा लिटर काळा

दर डिसेंबरात पंचायत मला अर्धा लिटर काळा एनॅमल देते
आणि अठरा तारखेची मुदत.
एरवी मी होड्यांवर सांतांची नावं रंगवतो,
टेम्पोवर सातेरीचं.

पेडण्याच्या पुढं, जिथून तेरेखोलचं पाणी दिसतं,
त्या डोंगरावर चिऱ्यांचा चौथरा,
त्यावर संगमरवर. अकरा नावं.
काजूची झाडं अर्ध्यापर्यंत सोबत येतात,
मग नुसता सडा
आणि असला वारा की ब्रश धरावा लागतो दोन्ही हातांनी.

खोदणाऱ्यानं घाई केली असणार:
‘देसाय’चा काना उथळ, रंग धरत नाही,
नवव्या नावाचा अनुस्वार मात्र
गोळी शिरावी इतका खोल.
तिथं दोनदा भरतो.

शेवटल्या दिवशी, रंग ओला असतानाच,
जयवंतीमावशी येते. थांबत, टेकत,
केळीच्या पानात अबोलीचा वळेसर.
भावासाठी. लाडू म्हणायचे त्याला.
हद्दीवर गोळीबार झाला तेव्हा ही आठ वर्षांची.
पाखल्यांनी प्रेतसुद्धा दिलं नाही.

तिला अक्षर येत नाही.
चौथ्या नावावर बोट टेकवते,
शेजारच्या फटीत वळेसर खोवते
आणि बोटाचं काळं पदराला न पुसता
तशीच डोंगर उतरते.

चौथं नाव कायतान फर्नांडिस.
लक्ष्मण, म्हणजे लाडू, सातवा.

बावीस वर्षं मी बोललो नाही.
फिसकटलेला ‘का’ पुन्हा भरायचा आणि गप्प.
कायतानाच्या मागं कुणी उरलं नाही,
घर होतं तिथून आता विमानतळाचा रस्ता जातो.

यंदा ती चढताना तीनदा बसली.
कोण जाणे पुढल्या वर्षी, असं वाटून
मी तिचं मनगट धरलं, खाली नेलं.
मावशी, हा तुझा लाडू.

डोक्यावरून मोपाचं विमान उतरत होतं,
आवाज विरेपर्यंत ती थांबली.
मग म्हणाली,
‘म्हाका खबर आसा रे. मास्तरान केन्नाच वाचून दाखयलां.
आमगेर चूल पेटना जाल्यार
लाडू कायतानागेर जेवतालो.’

आणि वळेसर त्याच फटीत खोवला.

मी डब्याचं झाकण ठोकून बसवलं.
सातव्या नावाखाली, पांढऱ्यावर,
तिच्या बोटाचा ठसा उठलाय.
टर्पेंटाइन खिशात होतं.
उद्या मंत्री येतील तोवर वाळेल तो.